एक लिटर की दीड लिटर? सोलापूरच्या रस्त्यांवरचा हिशेब

कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस. यातली कुठलीही गाडी पेट्रोलमध्ये बघायला गेलात की दोन इंजिनं समोर येतात: एक लिटरचं, तीन सिलिंडरचं, ११५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), आणि दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, १५० पीएस. भार हलका असला की दीड लिटरवालं मधले दोन सिलिंडर बंद ठेवतं. मग पेट्रोल निम्मं लागेल का? नाही लागणार, आणि त्याचं कारण गाडी घेण्याआधी कळलेलं बरं.

इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटानं अर्धवट दाबून दांडा ओढून बघा, हात भरून येतो. आपण ॲक्सिलरेटर हलका दाबतो तेव्हा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, जवळपास बंद असतो आणि पिस्टनला हवा अशीच ओढावी लागते. पेट्रोल जळतं, पण त्यातली काही ताकद या ओढाताणीतच जाते. दोन सिलिंडर बंद झाले की उरलेल्या दोघांवर सगळा भार येतो, म्हणून थ्रॉटल जास्त उघडावा लागतो आणि ओढाताण कमी होते. बंद सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि दाबायला लागलेली बरीचशी ताकद परत देते. पण पिस्टन फिरतच असतात, घर्षण काही सुटत नाही. बचत होते ती तेवढीच. डिझेलमध्ये हवा अडवून ताकद कमी करत नाहीत, त्यामुळे तिथे या युक्तीचा असा फायदा जवळजवळ नाही.

एक लिटरवाल्यात बंद करायला जास्तीचा सिलिंडरच नाही. इंजिन लहान, म्हणून त्याच वेगाला त्याचा थ्रॉटल मुळातच जास्त उघडा. नवी पेठ, सात रस्ता, शाळेची ने-आण एवढंच चालवणं असेल तर माझं मत सरळ एक लिटरला. सिग्नलला, रांगेत, दर मिनिटाला गिअर बदलताना दीड लिटरवाल्याला दोन सिलिंडरवर जायला फारशी संधी मिळत नाही, आणि मोठं इंजिन मात्र सगळा वेळ पोसावं लागतं.

महिन्यातून तीन-चारदा पुणं किंवा हैदराबाद असेल तर गोष्ट वेगळी. मोहोळ, टेंभुर्णीकडचा सपाट रस्ता, ८०-९० चा एकसारखा वेग, हलका पाय, अशा वेळी ही युक्ती खरी कामाला येते. वर ओव्हरटेकला २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, हाताशी. मात्र १२० ने पळवाल, किंवा पाच माणसं आणि सामान भरून तुळजापूरचा घाट चढाल, तर चारही सिलिंडर बहुतेक वेळ जागे राहतील.

टेस्ट ड्राइव्ह शहरात नको, पुणे रोडला मागा. वेग स्थिर ठेवा आणि मीटरवर दोन सिलिंडरची खूण किती वेळ टिकते ते बघा.