शेवटच्या आजारातली काळजी कोणाकडे सोपवावी: हॉस्पिस, घरी येणारे पथक आणि खासगी शुश्रूषा केंद्र

कर्करोगतज्ज्ञ "आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खायला द्या" असे सांगतात, तेव्हा घरच्यांना त्यात बहुतेकदा फक्त नकार ऐकू येतो. प्रत्यक्षात त्याच दिवसापासून एका वेगळ्या प्रकारची वैद्यकीय सेवा सुरू व्हायला हवी असते, आणि ती कोणाकडून घ्यायची हे चार-पाच दिवसांत, धावपळीत आणि अपुऱ्या झोपेत ठरवावे लागते. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत अशा कुटुंबापुढे साधारण तीन पर्याय असतात: धर्मादाय संस्थेचे हॉस्पिस (अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांना ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करणारे केंद्र), घरी येऊन सेवा देणारे पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचे पथक, आणि दिवसाला ठरावीक दर घेऊन रुग्ण ठेवून घेणारे खासगी शुश्रूषा केंद्र. माझ्या मावशीच्या शेवटच्या साडेतीन महिन्यांत आम्ही यांपैकी दोन पर्याय अनुभवले आणि तिसऱ्या ठिकाणी दोनदा जाऊन सगळे समजून घेतले. त्यातून माझे एक मत पक्के झाले. रात्री दोन वाजता रुग्ण कळांनी विव्हळू लागला, तर पुढच्या अर्ध्या तासात तिथे काय घडते, यावरून या सेवेची प्रत कळते. पुढची सारी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

पहिली चाळणी मात्र आजाराचीच लागते. वांद्र्याचे शांती आवेदना सदन हे १९८६ मध्ये सुरू झालेले भारतातले पहिले हॉस्पिस असून गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा आहेत. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून काम करते. दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, आणि दोन्ही संस्था उभ्या राहिल्या त्या मुख्यत्वे कर्करोगाच्या रुग्णांसाठी. त्यामुळे घरातल्या माणसाचा आजार पार्किन्सन, स्मृतिभ्रंश किंवा निकामी झालेली मूत्रपिंडे असा असेल, तर हॉस्पिसला पहिला फोन करतानाच तो स्पष्ट सांगावा, म्हणजे दोन दिवस वाया जाणार नाहीत. घरी येणारी पथके या बाबतीत अनेकदा अधिक मोकळी असतात, पण त्यांना अंतराची मर्यादा असते. मुंबईत पालकेअरसारखी संस्था घरी जाऊन निःशुल्क सेवा देते, आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह विभागही आपल्या रुग्णांना घरी जाऊन पाहतो. तरीही तुमचा पत्ता पथकाच्या हद्दीत येतो की नाही हे आधी विचारावे लागते. खासगी केंद्र कोणालाही घेते, आणि माझ्या मते त्याचा कच्चेपणाही तिथेच आहे. मांडीचे हाड मोडलेल्या आजी, अर्धांगवायूतून सावरणारे गृहस्थ आणि अखेरच्या अवस्थेतला कर्करोगी एकाच दालनात शेजारी-शेजारी असतात, आणि तिघांसाठी नेमलेल्या बाईला एकाच तऱ्हेच्या शुश्रूषेची सवय असते.

वेदनेच्या बाबतीत तिन्ही पर्यायांतले अंतर सर्वांत मोठे आहे, म्हणून इथे थोडे थांबते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या हे जगभर मान्य असलेले, स्वस्त औषध आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते ठेवणे आणि देणे इतके किचकट झाले होते, की अनेक रुग्णालयांनी त्याचा नाद सोडून दिला. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मॉर्फिनसारखी काही औषधे अत्यावश्यक ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याचा मार्ग सोपा केला गेला. म्हणून कोणत्याही सेवेला विचारायचा पहिला प्रश्न हा, की तुम्ही अशी मान्यताप्राप्त संस्था आहात का, मॉर्फिन तुमच्या स्वतःच्या साठ्यात असते का, आणि ते लिहून देणारे डॉक्टर कोण. हॉस्पिसमध्ये या प्रश्नाचे उत्तर क्षणात मिळते. चांगले घरपोच पथक स्वतःच्या संस्थेतून गोळ्या देते, हिशेब ठेवते आणि घरच्यांना वेळापत्रक लिहून देते. खासगी केंद्रात बहुधा "आमचे व्हिजिटिंग डॉक्टर लिहून देतील, तुम्ही आणून द्या" असे ऐकू येते, आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मॉर्फिन मिळत नाही.

आमची चूक नेमकी इथेच झाली. मावशीला आम्ही प्रथम एका खासगी केंद्रात ठेवले, कारण खोली हवेशीर होती, पलंग वर-खाली होणारा होता आणि जेवण घरच्यासारखे होते. सातव्या रात्री तिच्या पाठीच्या मणक्यात कळा सुरू झाल्या. रात्रपाळीची बाई मनाने चांगली होती, तिने तेल लावून पाठ चोळली, पण तिच्याजवळ द्यायला साध्या तापाच्या गोळीपलीकडे काही नव्हते. "सकाळी डॉक्टर आले की विचारते," असे ती मला फोनवर दर तासाने सांगत होती. सकाळी साडेनऊला डॉक्टर आले, तोवर मावशीने चादरीचे टोक तोंडात धरून रात्र काढली होती. त्या चादरीवर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. दोष त्या बाईचा नव्हता. ज्या ठिकाणी रात्री वेदनेवर औषध देण्याचा अधिकार कोणालाच नाही, तिथे आम्ही वेदनेचा रुग्ण ठेवला होता, आणि हे विचारून घेण्याचे आम्हाला सुचलेच नव्हते.

त्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणले आणि एका पथकाकडे नाव नोंदवले. पहिल्या भेटीत त्यांच्या सिस्टरने वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, हे मावशीलाच विचारले. मी उत्तर द्यायला लागले तर मला हाताने थांबवले. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी, मध्येच कळ आली तर द्यायची जादा मात्रा आणि त्याबरोबर पोट साफ होण्याचे औषध लिहून दिले. या शेवटच्या औषधावरून तुम्ही सेवेची पारख करू शकता. मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळजवळ सर्वांनाच होते, आणि मॉर्फिन देऊन रेचक न देणारा डॉक्टर हे काम रोज करणारा नसतो. मॉर्फिनने सवय लागेल किंवा मरण लवकर येईल अशी भीती आमच्याही घरात होती. योग्य मात्रेत तसे होत नाही हे समजावून सांगायला डॉक्टर वीस मिनिटे आमच्या स्वयंपाकघरात बसले. त्यांना विचारायचा आणखी एक प्रश्न मला नंतर कळला: गिळता येईनासे झाले, की औषध कसे देता? त्वचेखाली बारीक सुई ठेवून ते देता येते, आणि घरच्या माणसालाही ते शिकवता येते. ज्यांच्याकडे याचे उत्तर तयार नसते, ते त्या टप्प्यावर रुग्णाला रुग्णालयात पाठवतात.

घरच्या सेवेची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. पथक आठवड्यातून एकदा-दोनदा येते. उरलेले सगळे तास तुमचे असतात. दर दोन तासांनी कूस वळवणे, एअर बेडची हवा पाहणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसणे, मध्यरात्रीचा गजर लावून गोळी देणे हे सारे घरच्यांना करावे लागते. नर्सिंग ब्यूरोची बारा तासांची बाई ठेवली तरी गोळ्यांची जबाबदारी तिच्यावर टाकता येत नाही. रात्रीच्या फोनबद्दलही नीट विचारावे. 'चोवीस तास हेल्पलाइन' याचा अर्थ काही ठिकाणी रुग्णाची फाइल समोर असलेली सिस्टर फोन उचलते असा असतो, तर काही ठिकाणी फोन उचलणारा निरोप लिहून घेतो एवढाच. नाव नोंदवण्यापूर्वी एकदा रात्री दहानंतर त्या क्रमांकावर फोन करून पाहावा. घरात दोन धडधाकट माणसे नसतील, घर एका खोलीचे असेल, किंवा सांभाळणारी व्यक्ती स्वतःच सत्तरीची असेल, तर पथक कितीही उत्तम असले तरी हा पर्याय पेलत नाही, आणि तसे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही.

अशा कुटुंबासाठी हॉस्पिस श्रेष्ठ, असे माझे मत आहे. मुक्काम कायमचाच असावा लागतो असा एक गैरसमज आहे. अनेकदा वेदना आटोक्यात येईपर्यंत काही दिवस तिथे राहून, जखमेचे ड्रेसिंग शिकून, रुग्ण घरी परत येतो. मी ज्या धर्मादाय हॉस्पिसला भेट दिली, तिथे तोंडाच्या कर्करोगाचे तीन रुग्ण होते. अशा जखमांना वास येतो आणि त्या वासाने नातेवाईकसुद्धा पलंगापासून लांब उभे राहतात. तिथे तो वास नव्हता. सिस्टर जखमेवर गोळीची पूड भुरभुरत होत्या आणि तसे करताना रुग्णाशी त्याच्या गावच्या जत्रेबद्दल बोलत होत्या. कोणत्याही केंद्रात गेलात तर स्वागतकक्षात बसून न राहता दालनात चक्कर मारा आणि तीन गोष्टी पाहा: रुग्णांचे ओठ कोरडे पडलेले आहेत का, टाचांखाली उशी आहे का, आणि घंटी रुग्णाच्या हाताला लागते का. भेट संध्याकाळी सातनंतर मागावी. त्या वेळी भेट नाकारली गेली, तर त्यातून जे समजायचे ते समजावे. रात्री एका प्रशिक्षित सिस्टरकडे किती रुग्ण असतात हेही विचारावे, आणि आयांची (मदतनीस मावश्यांची) संख्या त्यात मिसळू देऊ नये.

नातेवाइकाने सोबत राहायचे की नाही, यावर संस्थांची पद्धत वेगवेगळी असते. काही ठिकाणी एक माणूस सोबत असलाच पाहिजे असा आग्रह असतो, काही ठिकाणी भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात. माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे. नोकरी सोडून राहणे ज्यांना शक्य नाही, त्यांना दुसरी सोयीची पडेल.

फारसे कोणी न विचारणारा, पण निर्णायक प्रश्न अखेरच्या दोन दिवसांचा आहे. घशात घरघर लागली, श्वास अडखळू लागला, तर तुम्ही काय करता? हॉस्पिस आणि चांगले पथक यांची भूमिका आधीच ठरलेली असते: घरघर कमी करण्याचे औषध, कुशीवर निजवणे, आणि नळ्या व सुया शक्य तेवढ्या काढून टाकणे. खासगी केंद्रे या टप्प्यावर पुष्कळदा रुग्णवाहिका बोलावतात, कारण आपल्याकडे मृत्यू झाला तर आपल्यावर ठपका येईल अशी त्यांना धास्ती असते. मग चार महिने टाळलेला अतिदक्षता विभाग शेवटच्या रात्री गाठला जातो. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्र (स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) मान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. तुम्ही निवडत असलेली सेवा अशा इच्छापत्राबद्दल स्वतःहून बोलते, की विषय निघताच कावरीबावरी होते, यावरून पुष्कळ कळते.

घरी मृत्यू झाल्यास दाखला कोण देणार, हेही आधीच ठरवून घ्यावे. मृत्यूचे कारण लिहून देणारा डॉक्टर नसेल, तर स्मशानभूमीचा पास मिळण्यात अडचण येते आणि दुःखाच्या घरात अकारण पोलिसांपर्यंत गोष्ट जाऊ शकते. पथकाचे डॉक्टर येऊन प्रमाणपत्र देतात का, रात्रीही देतात का, आणि देत नसतील तर जवळच्या कोणत्या डॉक्टरांना आधीपासून रुग्ण दाखवून ठेवावा, हे विचारावे.

पैशांबद्दल थोडक्यात. धर्मादाय सेवा निःशुल्क म्हणून दुय्यम असेल ही शंका मनातून काढून टाकावी. या क्षेत्रात अनुभव तिथेच अधिक आहे. खासगी केंद्राकडून दिवसाच्या दरात काय येते हे लेखी घ्यावे, कारण डायपर, ऑक्सिजन, ड्रेसिंग आणि डॉक्टरांची भेट वेगळी लावली की बिल कुठल्या कुठे जाते. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली त्यांची नोंदणी आहे की ते केवळ वृद्धाश्रम म्हणून चालते, हेही पाहावे. आरोग्य विम्यातून हा खर्च मिळेलच असे धरून चालू नये.

मावशी गेली ती घरीच, पहाटे, मामीच्या मांडीवर डोके ठेवून. पथकाचे डॉक्टर सव्वासहाला दाखला देऊन गेले. तेराव्यानंतर त्यांच्या सिस्टर पुन्हा आल्या, तेव्हा आम्हाला वाटले की काही कागद राहिले असतील. त्यांनी पाणी घेतले, काकांना झोप लागते का ते विचारले, आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मागितल्या. काकांनी डबा आणून दिला. चौदा गोळ्या होत्या. त्यांनी त्या ताटलीत काढून मोजल्या, वहीत आकडा लिहिला, काकांची सही घेतली, आणि मग अर्धा तास काका मावशीबद्दल बोलत असताना त्या तिथेच बसून होत्या.