फ्रेममधले स्पेसर: खानापूरच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

स्पेसर म्हणजे फ्रेमची काच आणि फोटो यांच्यात अंतर ठेवणाऱ्या पट्ट्या. चिकटपट्टी लावलेले प्लॅस्टिकचे स्पेसर घ्यावेत की लाकडाचे, असा विचार करत असाल आणि बेळगावजवळच्या खानापूरसारख्या पावसाच्या गावात राहत असाल, तर लाकडाचेच घ्या. उन्हाळ्यात घरातल्या जुन्या फोटोंच्या फ्रेमा उघडून मी काहींत प्लॅस्टिकचे बसवले, काहींत सागवानी. आता दिवाळी झाली. सगळा पावसाळा त्यांनी भिंतीवर काढला आहे, म्हणून खात्रीनं लिहितो.

जुन्या कृष्णधवल फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो ओल ओढून फुगतो, मऊ पडतो आणि काचेला टेकलेला असेल तर तिलाच चिकटून बसतो. आमच्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या बाजूनं पाऊस धरला की कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, मग भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोचं काय होत असेल! काच आणि फोटो यांच्यामध्ये ३ ते ६ मिलिमीटर मोकळी जागा असली की फोटो काचेला टेकतच नाही. बाजारातल्या तयार फ्रेमांत ही जागा सहसा सोडलेली नसते.

प्लॅस्टिकची पट्टी दिसायला सुबक, बसवायला सोपी. कागद सोलायचा, काचेच्या कडेनं दाबायची, झालं. उन्हाळाभर तक्रार नव्हती. पाऊस मुरल्यावर मात्र आजीच्या फोटोतली वरची पट्टी सुटली आणि मधोमध झोळ येऊन काचेत दिसायला लागली. खालची आणि उभ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. वरचीला खालून कसलाच आधार नसतो, तिचा सगळा भार त्या डिंकावर. तसलीच पट्टी अथणीला मावशीकडं अजून घट्ट आहे, पण तिकडं पाऊसच कमी.

लाकडी पट्ट्या मेस्त्रींनी सागाच्या उरलेल्या तुकड्यांतून काढून दिल्या, ५ मिलिमीटर जाडीच्या. त्या टिकल्या, आणि त्याचं श्रेय मी लाकडाइतकंच बसवण्याच्या पद्धतीला देईन. वरची आणि खालची पट्टी आधी बसवायची, फ्रेमच्या मागच्या खाचेच्या (जिच्यात काच आणि फोटो बसतात) पूर्ण रुंदीची. मग दोन उभ्या त्यांच्या मध्ये, केसभर लांब ठेवून, बोटानं दाबत. या उभ्या पट्ट्या वरचीला खांबासारखा टेकू देतात, तिला खाली यायला वाटच उरत नाही. लांबी जास्त झाली तर मात्र फ्रेमचे कोपरे उघडतात, म्हणून पॉलिश पेपरवर घासत घासत माप आणायचं. इथं घाई नको.

गोंद लावायचा तो फ्रेमच्या लाकडाला टेकणाऱ्या बाजूला, ठिपक्या-ठिपक्यांनी. काचेला अजिबात नाही. काचेवर पसरलेला गोंद समोरून दिसतो आणि पुढं कधी काच बदलायची वेळ आली तर पट्ट्याही उखडाव्या लागतात. पांढरा गोंद पुरता वाळेपर्यंत फ्रेम उघडी ठेवा. ओला असतानाच मागचा हार्डबोर्ड ठोकला तर ती ओल फोटोपाशीच कोंडते.

त्याआधी खाचेची खोली मोजा. काच २ मिलिमीटर, स्पेसर ५, फोटो आणि त्यामागचा पुठ्ठा २, हार्डबोर्ड ३, म्हणजे १२ मिलिमीटर झाले. आमच्या एका फ्रेमची खाच उथळ निघाली, तिला मेस्त्रींनी मागून बारीक पट्टी ठोकून खोली वाढवून दिली. समोरून काही कळत नाही.

कच्चं लाकूड वर्षानुवर्षं कागदाला टेकून राहिलं तर कागद पिवळा पडतो. म्हणून लाकडी स्पेसर आणि फोटो यांच्यामध्ये ॲसिड-फ्री माउंटची, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची, चौकट घालाच आणि खाच मोजताना तिची जाडीही वरच्या बेरजेत धरा. आत्यानं भरलेल्या कसुतीच्या (कर्नाटकी भरतकामाच्या) तुकड्यालाही मी असंच केलं. काच दूर राहिल्यानं टाके दबले नाहीत, धाग्याचा उठाव दिसतो.

फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर फाटून काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि मूळ फोटो जाणकाराकडं न्या.

राहिलेल्या फ्रेमांतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आता एकेक करून काढतो आहे. डिंकाचा डाग काचेवर राहतो. तो पुसायला काच फ्रेमबाहेर काढून फोटोपासून लांब न्यावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच परत बसवावी.