घरच्या कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी: काही महिन्यांच्या वापरानंतर

कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा मोफत, ओपन सोर्स प्रोग्राम गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर आहे. वापरणारे तिघं: मी, बायको आणि बाबा. मला तो मनापासून आवडलाय. पण तो घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो, कारण तसं कुणाच्याही घरी होऊ शकतं.

कॉम्प्युटर सीताबर्डीतल्या एका दुकानात दुरुस्तीला दिला होता. तिथे लॉगिनचा पासवर्ड आम्हाला न विचारताच रीसेट केला गेला. घरी आणल्यावर फोटो, फायली, बुकमार्क सगळं जागच्या जागी; फक्त ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड येईनात. दुकानदार म्हणाला, "आम्ही काहीच डिलीट केलं नाही." ते खरंच होतं. विंडोजवर ब्राउझर पासवर्ड कुलूपबंद करून ठेवतो आणि त्याची किल्ली विंडोजच्या डीपीएपीआय या यंत्रणेकडे असते. लोकल अकाउंट (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी न जोडलेलं, फक्त त्या कॉम्प्युटरपुरतं) असेल तर ती किल्ली तुमच्या लॉगिन पासवर्डानेच सुरक्षित केलेली असते. जुना पासवर्ड टाइप करून मग नवा ठेवला तर विंडोज किल्लीही नव्याशी जुळवून घेतं. परस्पर रीसेट केला की जुना त्याला कळतच नाही, आणि फाइल डिस्कवर असूनही उघडत नाही.

अशा वेळी प्रोफाइल उडवू नका, विंडोज नव्याने टाकू नका. जुना लॉगिन पासवर्ड आठवत असेल तर तोच पुन्हा ठेवा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. आमचे पासवर्ड असेच परत आले. त्याच संध्याकाळी ते सीएसव्ही फाइलमध्ये काढून कीपासएक्ससीत घेतले. ती सीएसव्ही उघडी असते, कुणीही नोटपॅडमध्ये वाचू शकतं. म्हणून काम झालं की लगेच डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

कीपासएक्ससीत सगळे पासवर्ड एकाच केडीबीएक्स फाइलमध्ये राहतात आणि ती एका मुख्य पासवर्डाने उघडते. विंडोजच्या लॉगिनशी तिचा संबंध नाही. पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, तशीच उघडते. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

"पासवर्ड गेला" अशी ओरड घरात अजूनही होते, पण बहुतेक वेळा पासवर्ड गेलेला नसतो. दिवाळीच्या सुमारास बँकेच्या पानावर कीपासएक्ससीतून काहीच आपोआप भरलं जाईना. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या वेबसाइट '.bank.in' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. साठवलेली नोंद जुन्या पत्त्याला बांधलेली, पान नव्या पत्त्यावर, मग जुळणार कसं? आणि न जुळणं योग्यच आहे, कारण बनावट पानावर पासवर्ड जाऊ नये यासाठीच ही तपासणी असते. नोंद एडिट करून 'ब्राउझर इंटिग्रेशन'मध्ये नवा पत्ता जोडला की काम होतं. मात्र तो पत्ता बँकेकडूनच खात्री करून घ्या, एसएमएसमधल्या लिंकवरून कधीच नको.

दुसरं कारण आपल्याकडचं खास. बाबा इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत मराठी टाइप करतात. एक दिवस त्यांची हाक आली, "अरे, पासवर्ड चुकीचा सांगून राहिला हा!" चौकटीत नुसते ठिपके, त्यामुळे काही कळत नाही. बाजूचं डोळ्याचं चिन्ह दाबलं तर इंग्रजी अक्षरांऐवजी काना, मात्रा आणि वेलांट्यांची रांग. कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी केलं आणि फाइल उघडली. आता बाबा आधी खालच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा बघतात, मगच टाइप करतात.

नोंदीतली 'हिस्टरी' मला फार उपयोगी पडली. पासवर्ड बदलून सेव्ह केला आणि तिकडे वेबसाइटनेच एरर दिली, तर जुना पासवर्ड तिथे सापडतो. ब्राउझरमध्ये अशा वेळी जुन्यावर नवा चढलेला असायचा. कॉपी केलेला पासवर्ड क्लिपबोर्डवरून 10 सेकंदांत आपोआप पुसला जातो. बाबांना ते अपुरे पडत, म्हणून सेटिंगमध्ये वेळ वाढवून दिली.

आता अडचणी. मुख्य पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवायची सोय नाही. ओटीपी नाही, हेल्पलाइन नाही. आमचा कागदावर लिहून, पाकिटात बंद करून घराच्या खरेदीखताबरोबर ठेवलाय आणि तो कुठे आहे हे तिघांनाही माहीत आहे. ज्यांच्या घरी असं ठरवून ठेवणं जमणार नाही, त्यांना मी हा प्रोग्राम सुचवणार नाही.

फोनसाठी त्यांचं स्वतःचं अ‍ॅप नाही. अँड्रॉइडवर कीपासडीएक्समध्ये तीच फाइल उघडते, पण ती दोन्हीकडे ताजी ठेवणं आपल्याच हाती. बायकोने फोनवर गॅसची नोंद केली, मी इकडे महावितरणची बदलली, आणि एका फाइलच्या दोन झाल्या. डेटाबेस मेनूतल्या 'मर्ज'ने त्या एकत्र होतात, मात्र आधी दोन्हींची कॉपी बाजूला काढून ठेवा. आता नवी नोंद फक्त कॉम्प्युटरवर करायची आणि फोनवर नुसतं बघायचं असं ठरवलंय, आणि तेव्हापासून दुसरी फाइल तयार झालेली नाही.