पऱ्हाटी रानात गाडावी की ढीग लावून कुजवावी?

कपाशीची वेचणी आटोपली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील काळ्या जमिनींत एकरी साधारण टनभर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उभी राहते. ती बांधावर जाळली तर तिच्यातील नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते; राखेत पालाश आणि स्फुरद उरतात खरे, पण राख विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) असते आणि आपल्या चुनखडीयुक्त जमिनींचा सामू (pH) बहुधा आधीच आठच्या आसपास असतो. म्हणून खरी निवड उरते ती दोन मार्गांमध्ये: श्रेडर (काड्यांचा भुगा करणारे यंत्र) चालवून पऱ्हाटी जागेवरच मातीत मिसळणे, किंवा तिचे तुकडे करून शेणकाला आणि पाण्याच्या साहाय्याने ढिगात कुजवणे.

दोन्हीकडे काम करणारे सूक्ष्मजीव मुख्यतः बुरशी आणि जिवाणूच असतात. फरक पडतो तो त्यांना नत्र आणि ओलावा कुठून व केव्हा मिळतो, यामुळे. जिवाणूंच्या शरीरात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे 8:1 असते, आणि खाल्लेल्या कर्बाचा बराच मोठा भाग श्वसनावाटे कर्बवायू होऊन जात असल्यामुळे त्यांना सुमारे 24:1 प्रमाणाचे खाद्य पुरते. पऱ्हाटीत हे प्रमाण 60:1 धरले, तर एक टन काड्यांतील 400 किलो कर्बासोबत नत्र जेमतेम 6 ते 7 किलो येते, तर सूक्ष्मजीवांची गरज 16 ते 17 किलोंची असते. उरलेले 10 किलो नत्र ते मातीतून उचलतात. ते कायमचे नाहीसे होत नाही, कारण सूक्ष्मजीव मेले की पुन्हा मोकळे होते. मात्र तोपर्यंत काही आठवडे कपाशीचे रोप पिवळे पडून उभे राहते.

इथे खानदेशचे हवामान आड येते. जानेवारीत मिसळलेली पऱ्हाटी जमिनीतील उरल्यासुरल्या ओलीवर थोडीशी कुजते. नंतर एप्रिल-मेच्या 44-45 अंशांच्या उन्हात वरचा थर इतका कोरडा पडतो की कुजणे जवळपास थांबते. मृगाच्या पहिल्या पावसाने सूक्ष्मजीव एकदम जागे होतात, आणि नेमकी तीच कपाशीच्या पेरणीची वेळ असते. त्यामुळे गाडण्याचा मार्ग निवडणाऱ्याने एक टन पऱ्हाटीमागे सुमारे 20 किलो युरियाची तजवीज ठेवावी आणि तो ओल असताना मातीत मिसळावा, कारण विम्लधर्मी जमिनीवर नुसता फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्या रानात पुढच्या खरिपात मूग किंवा उडीद घेणे. मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करत असल्याने या पिकांना टंचाईची झळ कमी लागते. (शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेल्या जीवामृताने ही तूट भरून निघते, असे समजू नये. एकरी 10 किलो शेणातून येणारे नत्र फार तर चाळीस-पन्नास ग्रॅम भरते. जीवामृताचा उपयोग सूक्ष्मजीव आणि गुळाची साखर पुरवण्यापुरता आहे.)

ढिगात हीच नत्राची ओढाताण पिकापासून दूर, बांधावर उरकते. शेण आणि थोडा युरिया घालून, 50 ते 60 टक्के ओलावा राखून ढीग वेळोवेळी पालटला, तर आतले तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढते. तणांचे बी आणि वाळक्या बोंडांत दडलेली गुलाबी बोंडअळी त्या उष्णतेत मरते. मात्र ढीग पालटला नाही, तर कडेची थंड बोंडे तशीच राहतात. न कुजवता नुसती रचून ठेवलेली पऱ्हाटी तर अळीला आश्रयच देते. पाणी आणि मजुरी हा या मार्गाचा खरा खर्च आहे, आणि उन्हाळ्यात ज्याच्या विहिरीला तळ दिसतो त्याने या फंदात पडू नये.

कर्बाच्या दृष्टीने माझे माप गाडण्याच्या बाजूने झुकते. कर्बवायूच्या रूपाने घट दोन्हीकडे होते, पण ढिगात ती बांधावरच होऊन जाते. रानात मात्र कुजणाऱ्या काडीभोवती वाढलेल्या सूक्ष्मजीवांचे मृत अवशेष काळ्या मातीच्या चिकणकणांना तिथल्या तिथे चिकटतात, आणि जमिनीतील टिकाऊ सेंद्रिय कर्बाचा मोठा वाटा अशाच अवशेषांचा असतो.

म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी राखून घेतलेले वाढीव पीक) न घेता ओल असतानाच श्रेडर चालवावा आणि पुढचे पीक कडधान्याचे धरावे. ठिबकवर मे महिन्यात पूर्वहंगामी कपाशी लावणाऱ्याकडे पाणी असते, पण काडी रानात कुजायला वेळ नसतो. त्याने ढीगच लावावा. रावेर-यावलकडील केळी बागायतदारांना हा प्रश्न इतका छळत नाही, कारण केळीच्या खांबात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि पालाशही भरपूर असते. तुकडे करून दोन ओळींच्या मधे पसरले, तरी ते बागेच्या ओलीवर पऱ्हाटीपेक्षा कितीतरी लवकर कुजतात.