मार्चएंडला झेपणाऱ्या कादंबऱ्या

मार्चमध्ये कादंबरी वाचायची म्हटलं की हात आपसूक बारीक पुस्तकाकडे जातो आणि तिथंच फसगत होते. दमलेल्या माणसाला पानं जड जात नाहीत, सुटलेला धागा पुन्हा पकडणं जड जातं. लोकलमधली किंवा झोपण्याआधीची वीस मिनिटं धरली तर दहा-बारा पानं होतात. महिन्यातले आठ-दहा दिवस बुडणारच. म्हणजे हाती लागणार सव्वादोनशे-अडीचशे पानं.

या हिशेबात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सहज बसते. धनगरांच्या वाडीवर नवा मास्तर येतो, पण शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं. मग कारभारी, आनंदा रामोशी असं एकेक माणूस समोर येतं आणि प्रत्येकाचं प्रकरण थोड्या पानांत उभं राहतं. चार दिवस पुस्तक उघडलं नाही तरी मागची पानं चाळावी लागत नाहीत. धोका वेगळाच आहे. वाक्यं आखूड, सोपी, त्यामुळे भरभर ओढली जातात. तालीम उभी राहते तो भाग आणि नंतरचा दुष्काळ एका बैठकीत उरकू नका, मध्ये एक दिवस जाऊ द्या. भरलेली वाडी मनात मुरली असली तरच रिकामी होणारी वाडी बोचते.

उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) पहिल्या वीस पानांत खाली ठेवणारे पुष्कळ. दोष कादंबरीचा नाही, कानाचा आहे. संवाद वऱ्हाडीत आहेत आणि पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला वऱ्हाडी डोळ्यांनी वाचता येत नाही. दोन खुणा धरून ठेवा. 'ला'चा 'ले' होतो (मले, तुले, कायले) आणि 'ळ'चा 'य' (डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया). सुरुवात रविवारी करा, सलग तासभर, आणि संवाद चक्क ओठ हलवून वाचा. एकदा कान बसला की पुढं वीस-वीस मिनिटांचे तुकडे चालतात, कारण घटना ओळीनं घडत जातात. नायिका कौतिक. तिचा नवरा महादेव शिंपी, पण कामाला अंग न देणारा, आणि सगळा संसार तिच्या एकटीच्या अंगावर. शेळके तिला कुठंही देवी करत नाहीत. ती भांडते, चिडते, हिशेब करते. मात्र उसंत अशी कुठंच मिळत नाही. महादेवाच्या आजारपणापासून पुढचं रात्री वाचू नका, झोप जाईल. सकाळचा डबा होईपर्यंतचा वेळ त्याला बरा.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) तीनशेच्या वर पानांची, म्हणजे कागदावर या महिन्यात न बसणारी. प्रत्यक्षात ती बसते. गोष्ट सांगणाऱ्या पांडुरंग सांगवीकरचा आवाज इतका पक्का आहे की कुठलंही पान उघडा, एखादं 'उदाहरणार्थ' नाही तर 'वगैरे' भेटतं आणि सूर लागतो. होस्टेल, मेस, गॅदरिंग हे सगळं दोन स्टेशनांच्या मध्येही वाचता येतं. डायरीचा भाग तर दोन-दोन पानांतही जमतो. अपवाद पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा. तिथं पुस्तक मध्येच मिटून उतरायची वेळ आली तर सगळं विस्कटतं. तेवढ्या भागासाठी तासभर राखून ठेवाच. आणि होस्टेलच्या गमतीजमती संपल्यावर, पांडुरंग गावी परतला की पुष्कळ वाचक भराभर पानं उलटायला लागतात. पण पांडुरंगचं 'वगैरे' मुळात कशासाठी होतं, ते तिथंच कळतं.

किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मात्र या महिन्यात हमखास फसते. नाव पाहा, हिशेबात एकाचा फरक! मार्चएंडला हा विनोद झोंबतोच. खरी अडचण अशी की काळ सतत पुढंमागं होतो आणि कोण कुणाशी बोलतंय ते संदर्भानंच लावावं लागतं. दोन दिवसांचा खंड पडला की दहा-पंधरा पानं मागं जावं लागतं, म्हणजे वीस मिनिटं तिथंच संपली. पुस्तक अव्वल आहे, सलग सुट्टीत घ्या.

प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' (१९८१) उलट्या कारणानं धोक्याची. हिमालयातला रस्ता, सैन्याची शिस्त आणि नियमापेक्षा आपल्या बुद्धीला मानणारा इंजिनिअर विश्वनाथ, ही गोष्ट हातातून सुटत नाही. कामाच्या आदल्या रात्री उघडलीत तर जागरण ठरलेलं. शनिवारी घ्या.

श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) दोन खंडांची आणि हजारावर पानांची, तेव्हा मार्चमध्ये विचारही नको. जूनमध्ये घ्याल तेव्हा पहिल्या पानापासून खोतांची वंशवेल एका कोऱ्या कागदावर काढत जा आणि कागद पुस्तकातच ठेवा. पेन्सिलीनं काढा, कारण मध्ये जागा कमी पडते आणि फांद्या सरकवाव्या लागतात.