जटपुरा गेटवरची केशरी तारीख : एका ‘जुन्या कॅमेऱ्या’चा अनुभव

धानाची मळणी आटोपल्यावर मूल तालुक्यातील आमच्या गावाहून एसटीने चंद्रपूरला गेलो आणि दोन दिवस परकोटाच्या (जुन्या तटबंदीच्या) आतले जुने शहर मोबाइलमधील एका ‘विंटेज कॅमेरा’ ॲपने टिपले. ॲपचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच धर्तीची आणखी पाच-सहा ॲप्स मिळतात आणि थोड्याफार फरकाने त्यांचे गुणदोषही तेच आहेत. वर्षाची वर्गणी साडेचारशे रुपये पडली.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने वसवलेल्या या शहराचा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा असून त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या (म्हणजे छोटे दरवाजे) आहेत. ज्याला जुन्या फिल्मसारखे फोटो काढायचे आहेत, त्याला याहून चांगली जागा आमच्या भागात मिळणार नाही, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी ठरली.

परकोटाच्या आतल्या अरुंद गल्ल्यांत ॲपने उत्तम काम केले. विजेच्या तारांचे जाळे, मोबाइल कंपन्यांचे फलक, प्लास्टिकच्या ताडपत्र्या यांचे भडक रंग त्याने मऊ केले आणि लाकडी दारे व कवेलूची छपरे आपोआप पुढे आली. दगडाजवळ गेल्यावर मात्र गडबड सुरू झाली. अंचलेश्वर मंदिराजवळ राणी हिराईने बांधलेली पती गोंड राजा बीरशहाची समाधी सकाळच्या उन्हात मुळातच इतकी सुंदर दिसते की तिच्यावर वरून पिवळेपणा ओतण्याची काहीच गरज नव्हती. ॲपने तो ओतला आणि दगडाचा पोत, त्यावरचे काळे-करडे डाग, सगळे एका चहाच्या रंगात बुडवले.

घरी आल्यावर बाबांचा ऐंशीच्या दशकातला, जटपुरा गेटसमोर उभे राहून काढलेला रंगीत फोटो अल्बममधून काढून शेजारी ठेवला, तेव्हा या ‘जुनेपणा’चे कच्चे दुवे ध्यानात आले. त्या काळच्या अनेक प्रिंटमध्ये निळसर ‘सायन’ रंग आधी उडतो आणि फोटो लालसर होतो. बाबांचाही तसाच झाला आहे, पिवळा नव्हे. खऱ्या फिल्मचे कण मध्यम छटांत अधिक जाणवतात, ॲपचे कण आभाळापासून सावलीपर्यंत रांगोळी भुरभुरल्यासारखे सारखेच पसरलेले असतात. कडेला येणारा तांबडा झोत तर फारच ढोबळ आहे. खऱ्या कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाची फोमपट्टी झिजली की तिथून प्रकाश आत शिरतो आणि फिल्मच्या पाठीमागून आल्यामुळे लाल रंग टिपणारा थर आधी गाठतो, म्हणून तो झोत तांबडा दिसतो. या ॲपमध्ये तो दर चौथ्या फोटोवर, त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराने हजर असतो.

सर्वांत खटकली ती कोपऱ्यातील केशरी तारीख. अशी तारीख छापणारे कॅमेरे ऐंशी-नव्वदच्या दशकांत होते हे खरे, पण ॲपने माझ्या फोटोवर आपल्या मनाने १९९८ साल टाकले. प्रिंट काढायला गेलो तर मूलच्या स्टुडिओवाल्याने फोटोतल्या ई-रिक्षावर बोट ठेवून विचारले, “भाऊ, ही गाडी तवा होती का?” तारीख बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली लपवलेली आहे. ‘मूळ फोटोही जतन करा’ हा पर्यायही तिथेच आहे आणि तो सुरुवातीला बंद असतो, त्यामुळे माझे पहिल्या दिवसाचे सगळे फोटो पिवळेच राहिले.

पूर्ण गुण द्यावेत असा एकच प्रकार सापडला : कृष्णधवल. जटपुरा गेटवरचा हत्तीवर आरूढ सिंह, गोंड राज्याचे ते चिन्ह, तिरप्या उन्हात कोरीव उठावासह स्पष्ट उमटला. नुसत्या डोळ्यांना, खालच्या वाहनांच्या कोंडीतून अंग चोरत जाताना, तो मला इतक्या वर्षांत कधी नीट दिसला नव्हता. हा प्रकार ॲपच्या मोफत भागात मिळतो. पुढच्या वर्षीची वर्गणी मी भरणार नाही.