नर्सिंगच्या वर्गात वर्षभर वापरलेला प्लास्टिकचा सांगाडा

नाशिकमधील एका नर्सिंग महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकवते. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात या दोन्ही विषयांना प्रत्येकी ६० तास असतात आणि तेवढ्या वेळात पेठ, सुरगाणा, कळवण या भागांतून बारावी होऊन आलेल्या मुलामुलींपुढे सारे शरीर उलगडायचे असते. आमच्याकडील जुन्या सांगाड्याचा एक हात निखळला होता आणि जबडा रबराने बांधलेला होता. म्हणून गेल्या वर्षी शहरातील वैद्यकीय साहित्याच्या एका दुकानातून मी महाविद्यालयासाठी १७० सेंटिमीटर उंचीचा पीव्हीसीचा सांगाडा ८,५०० रुपयांना आणला.

माझे शिक्षक खऱ्या हाडांवर शिकले होते. भारतातून मानवी हाडांची निर्यात १९८५ साली बंद होईपर्यंत परदेशांतील कितीतरी वैद्यकीय महाविद्यालयांत कोलकात्याहून गेलेले सांगाडे असत. स्नायू जेथे चिकटतात तेथील खडबडीतपणा खऱ्या हाडावर बोटाला जाणवतो, तो साच्यातून निघालेल्या प्लास्टिकमध्ये बराचसा गुळगुळीत होऊन जातो. मांडीच्या हाडाच्या मागील उभी धार या सांगाड्यावर आहे, पण ती शोधावी लागते.

असे असूनही हा सांगाडा घेतल्याचे समाधान ज्या भागामुळे वाटते, तो भाग म्हणजे कमरेखालचा हाडांचा घेर, अर्थात कटिबंध. परिचारिकेला हाडांची नावे पाठ असण्यापेक्षा कातडीखाली ती बोटांनी ओळखता येणे अधिक आवश्यक असते, आणि येथे इलियाक क्रेस्ट (कमरेच्या हाडाची वरची कड), तिचे पुढचे टोक व खुब्यापाशी येणारा मांडीच्या हाडाचा उंचवटा हे तिन्ही ठळक आणि योग्य जागी आहेत. तळहात त्या उंचवट्यावर, तर्जनी पुढच्या टोकावर आणि मधले बोट क्रेस्टच्या कडेने मागे ताणले की दोन बोटांमध्ये जो त्रिकोण उरतो, ती व्हेंट्रोग्लूटियल, म्हणजे खुब्याच्या बाजूच्या स्नायूत द्यायच्या इंजेक्शनची जागा. पुस्तकातील आकृतीवरून ही गोष्ट समजावताना माझा अर्धा तास जाई. सांगाड्यावर प्रत्येकीने स्वतःचा हात ठेवला, मग मैत्रिणीच्या कमरेवर ठेवला, आणि दहा मिनिटांत वर्ग पुढे सरकला. पायाकडे जाणारी मोठी नस, सायटिक नर्व्ह, जेथून बाहेर पडते ती मागची खाचही स्वच्छ दिसत असल्यामुळे कुल्ल्यावर कोठेही सुई टोचली तर काय बिघडते, हे वेगळे सांगावे लागले नाही. छातीचा पिंजराही उपयोगी आहे. उरोस्थीवरील (छातीच्या मधल्या हाडावरील) आडव्या उंचवट्यापासून दुसरी बरगडी धरून खाली मोजत आले की ईसीजीच्या छातीवरील पहिल्या दोन इलेक्ट्रोडसाठी बरगड्यांमधली चौथी फट सापडते. मात्र या पिंजऱ्यावर सीपीआरचा (हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचा) सराव कोणालाही करू देऊ नये. प्रौढ रुग्णाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबावी लागते. प्लास्टिकची बरगडी दबत नाही, तुटते. आमची एक तुटली.

सर्वांत मोठा दोष मला उशिरा सापडला. दोन्ही इलियाक क्रेस्टच्या सर्वोच्च बिंदूंना जोडणारी रेषा साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते आणि लंबर पंक्चरची (कण्यातील पाणी काढण्यासाठी कमरेत सुई टोचण्याची) जागा तिच्याच आधाराने ठरवतात. पंक्चर डॉक्टर करतात, पण रुग्णाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन नीट धरून ठेवणे परिचारिकेकडे असते, म्हणून ती जागा तिला कळायला हवी. मी वर्गासमोर दोरा ताणून धरला तर तो तिसऱ्या मणक्यावर आला, कारण कणा आणि कटिबंध जोडणारा स्क्रू वाकडा बसवलेला होता. प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तेव्हा एका मणक्याची ही चूक किरकोळ नाही. स्क्रू सैल करून, जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे पाचर म्हणून घालून मी ती दुरुस्त केली.

हाताच्या बाबतीत असा उपाय नाही. कोपराखालची दोन हाडे तारेने घट्ट बांधलेली असल्यामुळे तळहात पालथा करताना एक हाड दुसऱ्यावरून कसे आडवे जाते ते दिसत नाही. फऱ्याचे हाडही पिंजऱ्याला पक्के जोडलेले आहे, त्यामुळे हात वर उचलताना ते फिरते हे तोंडीच सांगावे लागते. शिवाय गळ्यातील हायॉइड हे एक हाड आणि दोन्ही कानांतील मिळून ६ हाडे साच्यातच नाहीत, म्हणजे खोक्यावर २०६ छापले असले तरी हिशेब १९९ वर थांबतो.

दुकानाच्या सेवेबद्दल संमिश्र मत आहे. जोडणी त्यांच्या माणसाने येऊन केली, पण डावा-उजवा पाय अदलाबदल करून बसवला आणि दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला आले. मी फोन केला तेव्हा मालक म्हणाले, "मॅडम, एवढं कोण बघतं?" पहिल्याच तासाला मागच्या बाकावरील एका मुलीने पाहिले होते, आणि मी तसे त्यांना सांगितले. त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, तुटलेली बरगडीही पुढे विनामूल्य बदलून दिली. चाकांचा स्टँड मजबूत आहे. सोबतचे प्लास्टिकचे आवरण मात्र उन्हाळ्यातच फाटले आणि आता आम्ही जुनी चादर वापरतो.

शरीरक्रिया शिकवताना या सांगाड्याचा फारसा उपयोग होत नाही. रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात हे बंद, भरीव प्लास्टिकवर कसे दाखवणार? त्यासाठी मी हृदयाचे उघडणारे मॉडेल आणि खाटकाकडून आणलेले बोकडाचे नळीचे हाड उभे चिरून वापरते, आणि मुले त्याकडेच अधिक लक्ष देऊन पाहतात.

नव्या तुकडीसाठी असाच आणखी एक सांगाडा घ्यावा का, असे प्राचार्यांनी विचारले आहे. मी त्याऐवजी सुटा कटिबंध आणि सुटी, हलणारी हाताची हाडे मागवावीत असे लेखी कळवले आहे. खरेदीला जाताना दोरा मी सोबत नेणार आहे.